वाट्याला आलेली आंघोळ

माय, आज कारखाना बंद आहे. बालदी भरून ठेवली आहे आणि मी बाहेर बसून तुझ्याशी बोलून राहिलो. इथं सुरतेला कापड रंगवायच्या कामात दिवसभर वाफ अंगावर येते. पाळी सुटली की सगळे तसेच तापल्या अंगानं नळाखाली बसतात. मी भिंतीला टेकून घाम सुकायची वाट पाहतो, मग आधी पायावर, मग गुडघ्यावर, मग खांद्यावर आणि शेवटी डोक्यावर पाणी घेतो. पोरं हसतात, "महाराज, पूजा हो गई क्या?" मग तीही थांबतात, थकलेल्या माणसाला हसायचाही कंटाळा येतो.

तेंदूपत्ता तोडून जंगलातून आलो की मी सरळ बोडीकडे, गावच्या तळ्याकडे धावायचो. एकदा तू मला सदऱ्याला धरून मागं ओढलंस, पानांचा बोजा अजून तुझ्या डोक्यावरच. "मराचं हाय का तुले? आंग तापलं हाय, गरमी डोक्यात चढन. सावलीत बस." "काका तर पोहून राहिला." "त्याले माय नसन." आजी तिथंच काठावर कपडे धूत होती. आणि तापात तर तू मला पाण्याजवळही जाऊ देत नव्हतीस.

मी कामं बदलत फिरत राहिलो, माझा पत्ता कुणाकडे नव्हता. आपल्या मोहाडीचा एक जण कामाला आला, त्याच्याकडून कळलं की तू गेलीस आणि तेरवीही होऊन गेली. खांदा भावानं दिला, राखही त्यानंच सावडली. बातमी कानावर पडल्यावर डोक्यावरून घ्यायची तेवढी एक आंघोळ माझ्या वाट्याला उरली होती, आणि मी तापानं फणफणत पडलेलो. "ऊठ गा," तो म्हणाला, "माय होती तुही. एक गडवा तरी घे डोक्यावर, नाही तं तिले कसं पोचन?" मी म्हणालो, "तिनंच सांगतलं हाय, तापात पानी नाही." त्यानं भरलेला गडवा खाली ठेवला. त्याची मायही तेच सांगत असावी.

इतकी वर्षं मी हेच धरून बसलो, की तुझंच ऐकलं. हे लिहून धाडायचं कुठं, आणि तुला वाचता तरी कुठं येत होतं. एवढं सांगतो, ताप लवकरच उतरला होता, माय. मी मात्र आहे अजून, आहे अजून म्हणत राहिलो. मोहाडीवाला रोज सकाळी माझ्या गार कपाळाला हात लावून बघायचा, आणि एकटाच कामावर जायचा.