सहा चित्रांतली घंटी

३ मार्च
हे गेल्यानंतर आज पहिल्यांदा कामावर परत. नवीन काम सुरू झालंय — अंथरुणाला खिळलेल्या माणसाने घरच्यांना बोलवायची घंटी. अजून वस्तू नाही, नुसती कल्पना. साहेब म्हणाले, "तुम्ही हे सगळं घरी केलंय. तुमच्याइतकं कोणाला कळणार?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मी मान हलवली.

५ मार्च
आधी गिऱ्हाईक ठरवायचं. खोटाच माणूस, पण खरा वाटणारा. वय काय, चिडतो कशावर, घालतो काय. ऑफिसातले विचारत गेले, मी सांगत गेले. संध्याकाळी भिंतीवर लावलेला कागद बघते तर — आमचे हे! चौकड्यांचा सदरा, रेडिओवरच्या बातम्यांशी भांडणं, सगळं.
काढा म्हणायला तोंड उघडेना.

९ मार्च
चित्रकार मुलीने सहा चित्रं काढलीत. पहिल्यात माणसाला उठायचंय. दुसऱ्यात तोल जातो. तिसऱ्यात घंटी दाबतो, चौथ्यात बायको धावत येते, पाचव्यात त्याला सावरून बसवते. सहाव्यात दोघं चहा पितायत.
"ताई, जमलंय ना?"
"जमलंय."
ह्यांच्याही उशाशी घंटी होती, साधी पितळेची. वाजवली नाही. मी शेजारच्या खोलीत, पलीकडे सासूबाई. वाजली असती तर उठले नसते? सकाळी बघितलं तर हे जमिनीवर. माझी झोप मोडू नये म्हणून — दुसरं काय असणार.

१० मार्च
तिसरं चित्र खरं नाही, हे ऑफिसात सांगायचं ठरवून गेले. तशीच परत आले.

१४ मार्च
चित्रं दाखवायला काही वयस्कर मंडळी बोलावली होती. एका निवृत्त मास्तरांनी तिसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. "हा गडी घंटी दाबायचा नाही. बायको दिवसभर राबून आत्ता कुठे आडवी झालीय. पडेल, पण हाक मारणार नाही!" सगळे हसले. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे तसंच झालं."
साहेबांनी तिसरं चित्र हळूच उतरवलं. "मग न दाबता वाजेल अशी करू."
घरी येताना जरा हलकं वाटलं. ह्यांचा स्वभाव निदान कोणाला तरी कळला.

१५ मार्च
सासूबाईंना सगळं सांगितलं. भाजी निवडत होत्या.
"वाजवली होती गं त्याने. दोनदा. मला वाटलं, तू उठशील."