मावशीवर ओरडणारा डॉक्टर

मावशी, पुरे झालं आता. तुका मला मुंबईत टाकून द्यायला निघाला होता, असं तू चंदूदादाकडून लिहून पाठवलंस. ते वाचून माझा जेवणाचा डबा तसाच राहिला. टाकून मी दिलं की पळून तू गेलीस, हे आधी ठरवू, मग बाकीचा नमस्कार-चमत्कार. (चंदूदादा, मोठ्याने वाच, मधलं गिळू नकोस. तुझ्या आईला कमी ऐकू येत नाही, तिला नको असतं तेवढंच ऐकू येत नाही.)

बरं, पाया पडतो. तू, चंदूदादा, वहिनी, काळी शेळी, सगळी धड असाल असं धरून चालतो. मी बरा आहे. वापी सोडली, भिवंडी सोडली, आता खोपोलीच्या वर नवा मोठा रस्ता होतोय त्याच्या बोगद्यात आहे, आणि हेही काम हा महिनाभरात सोडील असं तू सगळ्या पाड्याला सांगत फिरतेस ते मला इथपर्यंत कळलंय. इथला मुकादम मला जव्हारचा राजा म्हणतो, कारण जव्हारला राजा होता एवढं त्याला कुणीतरी सांगून ठेवलंय. मीही हो म्हणतो. राजा दिवसभर पाट्या उचलतो.

आता मुंबईच्या इस्पितळातल्या त्या दिवसाचं. तुला कारखानीस डॉक्टरच हवे होते हे मला मान्य. दोन वर्षांमागे तुझ्या गालातली कॅन्सरची गाठ त्यांनी काढली तेव्हापासून तू त्यांना मानतेस, पण का मानतेस तेही मला ठाऊक आहे. गाठ काढली म्हणून नाही, तुझ्यावर ओरडायचे म्हणून. तू मशेरीची डबी कमरेला खोचून आत जायचीस, ते ती ओढून कचऱ्यात टाकायचे, आणि पुन्हा लावलीस तर उरलेले दात उपटून हातात देईन म्हणायचे. बाहेर बाकावरची माणसं गप्प व्हायची. मग तू जामसरला येऊन आठवडाभर रंगवून सांगायचीस, आज डॉक्टर कसा तापला ते. भाताच्या आवणीला वीस-पंचवीस बायांना चिखलात रडवणारी तू, तुला रडवणारं कुणी भेटलं याचाच तुला कोण आनंद. (नवी डबी तू त्याच दिवशी जव्हारच्या बाजारात घ्यायचीस हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. माझे उपकारही कधी आठवत जा.)

पण माणूस रिटायर होतो मावशी. गुरुजी होतो, तलाठी होतो, तसा डॉक्टरही होतो. तू तर पट्टेवाल्याचाच हात धरलास आणि मला न विचारता ते गेलेच कसे म्हणून त्याला भंडावलंस. मग आपण त्याच खोलीत नव्या बाईंकडे गेलो. पै मॅडम. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठ्या असतील. त्या उठून उभ्या राहिल्या. या मावशी, बसा, लांबून आलात, पाणी देऊ का, असं म्हणाल्या. तू मागे वळून बघितलंस, दुसरं कोण आत आलंय ते. मग खुर्चीच्या अशा कडेला टेकलीस जशी ती पोलीस ठाण्यातली आहे. पुढे त्यांनी विचारलं, मानेला हात लावून बघू का. कारखानिसांनी असं कधी विचारलं नव्हतं, ते कोंबडीची धरतात तशी मान धरायचे. मॅडमनी जबड्याखाली बोटं फिरवली आणि सांगितलं की इथं पुन्हा गाठ आलीय, ऑपरेशन करता येईल, नुसते मशीनचे शेकही देता येतील. दोन्हींतलं बरंवाईट त्यांनी नीट समजावलं आणि वर म्हणाल्या, तुम्हाला काय योग्य वाटतं, मावशी?

तिथं तू म्हणालीस, लघवीला जाऊन येते. आणि गेलीस ती थेट जामसरला. मी बायांच्या संडासाबाहेर मावशी मावशी करून हाका मारल्या, तर तीन मावश्या बाहेर आल्या, त्यात तू नव्हतीस. वॉचमनने मला दंडाला धरून लांब नेलं. मी पुरुषांच्या वॉर्डात बघितलं, औषधांच्या खिडकीत बघितलं, शेवटी जिथं कुणी बोलत नाही त्या खोलीच्या बाहेरही जाऊन उभा राहिलो. आणि तू? जव्हारच्या बाजारात एकटीला भीती वाटते म्हणून मला खाडे करायला लावणारी तू, एकटीनं ठाणं गाठून, यष्टीत खिडकी धरून, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडून घरी पोचलीस. हे भांडणाचं मला दुसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरने सांगितलं. तू माझी मावशी आहेस हे कळल्यावर त्याने मला तिकिटाआधी पैसे काढायला लावले.

आणि तुझं म्हणणं काय, तर ती बाई गोड बोलली म्हणजे मी मरणार. यावर मी हसणारच होतो, पण मग म्हटलं, आपल्याशी आजवर गोड बोललंय तरी कोण? फॉरेस्टवाला अरे-कारे करतो, दंड घेतो, जातो. धरणाच्या मोजणीला आलेला साहेब बाबाला आपण-आपण म्हणाला, स्वतःच्या थर्मासातला चहा पाजला, आणि त्या चहात आमचं खालचं शेत गेलं. माघी आजीला दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिला आता हवं ते खायला घाला म्हणाले, पुढचं सगळ्या पाड्याला माहीत. इथवर तुझं खरं. पण म्हणून काय पाणी विचारणारं प्रत्येक माणूस खांदा द्यायला आलंय? वर म्हणतेस, तिला रोग कळलाच नाही, कळला असता तर मला कशाला विचारलं असतं. अगं, न विचारता साऱ्या पाड्याला मत देणारी तू. जन्मात पहिल्यांदा शिकलेल्या माणसाने तुझं मत विचारलं, तर तुला तेव्हाच लघवी लागली?

आता नीट ऐक. परवा मी खाडा करून एकटाच पै मॅडमकडे गेलो. तू साफ फसलीस मावशी. त्या दिवशी ती बाई खुर्चीला नवी होती, नव्या सुनेसारखी. आता रुळली. मला बघताच कुठाय ती म्हातारी म्हणून टेबलावर असा हात आपटला की सिस्टर बाहेर पळाली. म्हणाली, पळतेस काय, जामसरला येऊन झिंज्या धरून ओढत आणीन, डबी तुझ्याच डोक्यावर उपडी करीन. मलाही गाढव म्हणाली, कारण नसताना. कारखानीस तिच्यापुढे देवमाणूस म्हणायचे. बाहेरचा अख्खा बाक गप्प झाला होता. तुला तिथं छान करमेल. तेव्हा येत्या गुरुवारी चंदूदादाबरोबर निघ. गाठीला वाटेत सांगायचं कारण नाही की आपण कुठं चाललोय.

तुझाच, बोगद्यातला,
तुका

ता. क. – मशेरीची डबी कमरेला खोचूनच ये. बाईला ओढून काढायला काहीतरी पाहिजे.

आणखी एक ता. क. – चंदूदादा, इथून पुढे मनात वाच, आणि ओठ हलवू नकोस. विचारलं तर सांग की खाली मुकादमाचा पत्ता आहे. वरचं सगळं ओरडणं मी इथं दगडावर बसून रचलंय. पै मॅडमनी मला खुर्ची दिली, चहा दिला. मी तुझ्या आईचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, तिच्यावर ओरडा. त्या म्हणाल्या, मला ओरडता येत नाही. मग मी शिकवायला बसलो. नुसतं "तोंड उघड" एवढंच म्हणायचं होतं, तर दर वेळेला मागे "हं मावशी" लागायचं. सिस्टर हसून भिंतीला टेकली. शेवटी एकदा कोरडं "तोंड उघड" जमलं, आणि लगेच मलाच विचारलं, फार लागलं नाही ना. तेव्हा तेवढं त्या म्हणतील, बाकीचं ओरडणं सिस्टरकडे दिलंय, तिचा आवाज चांगला आहे. मी निघालो तशा मॅडम दारापर्यंत आल्या आणि त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "पंधरा दिवसांत आणा त्यांना. त्यानंतर आणलंत, तर माझ्याकडे खरंच गोड बोलण्यापलीकडे काही उरणार नाही."

त्यातले किती दिवस हे पत्र पोस्टात घालवील कुणास ठाऊक. तू रजा टाक. आश्रमशाळेची घंटा दुसरा कुणीही शिपाई बडवील, पण तिचा मुलगा तू एकटाच आहेस, मी भाचा. ती लघवीला म्हणाली तर दाराशी उभा राहा. पैसे मनीऑर्डरने धाडलेत. तिला वाटेल, जाण्यापुरतेच धाडले असतील, म्हणून तिच्यासमोर मोज आणि सांग, दोघांचं जायचं आणि दोघांचं यायचंही भाडं धरलंय. चारशे साठ रुपये.