डावीकडची ओढ

रविवार, ९ नोव्हेंबर

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. हल्ली अंग इतकं मोकळं झालंय की समोर असतीस तर खरोखर घातला असता. इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, पण त्यांच्यापेक्षा कमीच. दुकानात कोटांचा हंगाम सुरू झालाय आणि मशीनला क्षणाची उसंत नाही.

तुझं पत्र मिळालं. आधी रागाने वाचलं, मग हसत. "साठी उलटल्यावर तळ्यात डुंबायचं, हे कसले थेर? माझ्याकडे यायला वर्षभर सवड नाही, पाण्यात जायला बरी मिळते!" तुझा आवाजच ऐकू आला. डुंबत नाही गं, पोहते. आणि काल तळं पार केलं! ह्या काठापासून त्या काठापर्यंत, मध्ये होडीला बोटसुद्धा न लावता. डोक्यावर तांब्या ओतला की किंचाळून घर डोक्यावर घेणारी तुझी धाकटी! मला तर सकाळपासून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावंसं वाटतंय. दोघींना सांगितलंही.

आमच्या टोळीला शिकवणारा गृहस्थ म्हणजे एक निवृत्त बसड्रायव्हर. तरणतलावात तळाशी रेषा असते, तळ्यात खाली नुसता हिरवा अंधार. म्हणून थोडे हात मारले की डोकं वर काढायचं, पलीकडची पाण्याची टाकी बघायची आणि दिशा धरायची. बाकीचे सरळ जात. मी मात्र सारखी डावीकडे. तो होडीतून ओरडायचा, "अहो बाई, तिकडे कुठे? तिकडे आपला स्टॉप नाही!" सगळे खो खो हसायचे, मीही. त्याला वाटायचं, कात्री चालवून चालवून माझा उजवा हात दणकट झालाय, त्याचा हा प्रताप. मी म्हटलं, हो, तसंच असेल.

तसं नव्हतं. कारण मला चांगलं ठाऊक होतं.

एवढं लिहून उठले, चहा केला, उगाच दोन कोटांना बटणं लावली. आता मात्र लिहितेच.

पोहायचा पोशाख मी घरीच शिवला होता आणि त्यात डाव्या बाजूला आतून स्पंज बसवला होता, कोटाच्या खांद्यात घालतो तोच. थरावर थर, वर अस्तर आणि टीप अशी सुबक की जिने मला सुई धरायला शिकवलं त्या आईलाही खोट काढता आली नसती. आरशात दोन्ही बाजू अगदी सारख्या. लोकांचे पडके खांदे जन्मभर सरळ करून दिले, मग स्वतःसाठी का नाही? पण कोट घालून कोणी पाण्यात उतरत नाही, हे माझ्या शिंपिणीच्या डोक्यात आलंच नाही. स्पंज पाणी पिऊन फुगायचा, जड होऊन लोंबायचा आणि मला डावीकडे ओढत राहायचा.

ती बाजू काढून टाकलीय, ताई. गेल्या वर्षी. आईला होतं तेच.

"मोठी ऑर्डर आलीय, यायला नाही जमणार," असं फोनवर म्हणाले, तेव्हा मी इस्पितळात होते. ह्यांना शपथ घातली होती. आईचं सगळं तू एकटीने केलंस. तेव्हाचा तुझा चेहरा मला पुन्हा बघवला नसता. माझं लवकर सापडलं, म्हणून निभावलं. नंतर खांदा आखडला, हात वर जाईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोहायला जा. तरणतलावात गेले आणि तिथून ह्या टोळीच्या नादाला लागले. आता मी ठणठणीत आहे. काळजीचा सूर लावू नकोस.

परवा बसून ती टीप उसवली आणि स्पंज काढून टाकला. ह्यांनी नुसतं विचारलं, "नक्की?" म्हटलं, "मला सरळ जायचंय."

आणि काल गेले! पाणी गार होतं, अर्ध्यावर दम लागला, पण टाकी समोरून हलली नाही. पाण्याचं काही वाटलं नाही गं, भीती होती ती काठाची. तिथे ही गर्दी. पाय तळाला लागले, तसं क्षणभर वाटलं, मागे फिरावं. ह्यांनी टॉवेल पसरून धरला होता. मी म्हटलं, "राहू दे जरा." आणि तशीच, आहे त्या अंगाने, ताठ मानेने चालत बाहेर आले. कोणी बघितलं, कोणी नजर वळवली. बसड्रायव्हर ओरडला, "बाई, आज एकदम थेट गाडी!" ताई, इतका अभिमान मला माझा कधीच वाटला नव्हता.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारतात, "बहिणीला सांगितलंत का? त्यांची तपासणी झाली का?" आणि मी दर खेपेला म्हणते, सांगते. आधी आई, मग मी. तुला जायलाच हवं. काही दुखत नाही, खुपत नाही, हे मला ऐकवू नकोस. माझंही दुखत नव्हतं. पुढच्या सोमवारी मी तुझ्याकडे येतेय. आपण दोघी जाऊ. आतपर्यंत तुझा हात धरून येईन, आणि जे निघेल ते निघेल, यावेळी तू एकटी नसशील.

दार उघडलंस की आधी पोटभर रागाव. मग मला नीट बघ, नजर न चुकवता. फार छान दिसते गं मी.

तुझी,
आहे तेवढी सगळी,
धाकटी