टेबल सोडून टाकलेलं पाऊल

ती. आईला दुरूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

आज पाळणाघरात एका पोरीने टेबल सोडून पहिलं पाऊल टाकलं आणि धपकन माझ्या मांडीवर पडली. संध्याकाळी तिच्या आईला मी काही बोलले नाही. पाळणाघरातल्या आम्हा बायकांचा हा रिवाजच आहे. पहिलं पाऊल आईबापांना घरीच दिसू द्यायचं. मग ते नाचत सांगायला येतात आणि आम्ही म्हणतो, "अगंबाई, खरंच?"

इथली मुलं दिवसभर जमिनीवर असतात, म्हणून लवकर चालतात. माझा ढब्बू सदान्‌कदा तुझ्या कडेवर, म्हणून त्याला उशीर होतोय, असं तू फोनवर सांगतेस. मी हो म्हणते.

पण परवाच्या फोटोत तो तुझ्या मांडीवर पाय पसरून बसलाय ना, त्यात त्याच्या सँडलचे तळ पार झिजलेले दिसतात.

आम्ही त्या आईबापांना जपतो, तसंच तू मला जपतेस, आई. इतक्या पोरांची पहिली पावलं पाहिली, तेवढं ढब्बूचं एक राहून गेलं.

असू दे, सांगू नकोस. मी आले की त्याला दारातून माझ्याकडे सोड. मी "अगंबाई, खरंच?" म्हणेन. ते मला चांगलं जमतं.

तुझी,
थोरली