मित्राचं पूर्ण नाव

प्रिय नीलाकाकू,

काल लिफ्टमध्ये तुम्ही म्हणालात, "काय रे सुमेध, बीचवर लोळून काळा झालास की!" मी हसलो. श्रीलंकेत आम्ही समुद्र पाहिलाच नाही.

आम्ही पोलोन्नरुवाला गेलो, मग अनुराधपूरला. जुन्या राजधान्या. छपरं कधीच गेलेली, नुसते दगडी खांब आणि त्यांच्यामधून चालणारी माकडं. तापल्या दगडांवर अनवाणी चालत होतो, तरी झोपेत चालल्यासारखं वाटत होतं. बोधिवृक्षापाशी पांढऱ्या कपड्यांतल्या एका आजींनी माझ्या लेकीला, मित्राला, कमळ दिलं, नाव विचारलं. "संघमित्रा," ती म्हणाली. आजींनी हात जोडले. तो वृक्ष भारतातून जिने आणला, तिचं हे नाव.

आम्ही बौद्ध आहोत, काकू. जर्सी सिटीत तुमच्या शेजारी नऊ वर्षं झाली. सांगायचं राहून गेलं असं नाही, मी टाळलं. पहिल्याच दिवशी तुम्ही आडनावावरून गाव विचारलंत, तेव्हापासून. लेकीचं नावही अर्धंच सांगितलं.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. उद्या ती फोटो दाखवायला तुमच्याकडे येणार आहे. "डोन्ट कॉल मी मित्रा," म्हणते. काय बोलायचं नाही, हे या वेळी मी तिला सांगितलेलं नाही.

जय भीम,
सुमेध