बिनखताचा तुकडा

मुक्काम वाडी, पिंपरी स्टेशनापासून पायी तासभर
गुरुवार, ता. २० मार्च १९५८

रा. रा. रंगराव यांस तुमच्या मेव्हण्याचा, कोंडाजीचा, मनापासून रामराम.

इकडे तुमची बहीण, मी आणि दोन्ही म्हशी खुशाल आहोत (थोरलीचा खूर सुजला होता, उतरला). तुमच्या गुडघ्याचं काय? तेल कोमट करून चोळता, की बाटली नुसतीच खिडकीत ठेवली आहे? बाकी मला तुमच्याकडून काही नको. सहज लिहायला बसलो. बसलो म्हणजे चौथ्यांदा बसलो. तीनदा उठून गोठ्यापर्यंत जाऊन आलो.

तुम्ही पुण्याच्या ज्या ट्रेनिंग कॉलेजच्या कचेरीत आहात, तिथल्या कुसुमताई तुम्हाला ठाऊक आहेतच. पोरांना वाचायला कशानं लवकर येतं याचा त्या शोध करतात. दिवाळी झाल्यावर ट्रंक घेऊन इकडे आल्या. आपल्या शाळेची तिसरीतली वीस पोरं आणि नदीपल्याडच्या गावची वीस, दोघांची परीक्षा घेतली. दोन्हीकडे सहा-सहा जणांना धड वाचता आलं. पल्याडच्यांशी बरोबरी झाली म्हणून आम्ही मिशांवर ताव दिला. मग ताईंनी ट्रंक उघडली. आत बारा मोठाले रंगीत तक्ते. पहिल्यावर नुसती अक्षरं, बाराव्यावर अख्खी गोष्ट. (दुसऱ्या तक्त्यावरचं गाढव इतकं देखणं, की आपल्याकडे असलं एक जनावर असावं असं मला वाटून गेलं.) आम्ही भिंतीला खिळे ठोकायला उठलो, तर ताईंनी ट्रंक लावली आणि म्हणाल्या, हे तक्ते पल्याडच्या शाळेला. तुमची शाळा आहे तशीच चालू द्यायची, काही बदलायचं नाही.

शाळा कमिटीचा मी चेअरमन. (दुसरी नापास. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलो, त्यामुळे माझ्या ज्ञानाला शेवट नसतो, कागद तिथंच फाटलेला असायचा.) ताईंनी मला समजावलं, की शेताचे दोन सारखे तुकडे घ्यायचे, एकाला खत घालायचं, दुसऱ्याला नाही, म्हणजे खताचा गुण कळतो. हे मला लगेच पटलं. तरी मी म्हणालोच, "ताई, पटलं. पण बिनखताचा तुकडा आमचाच का?"

चिठ्ठ्या टाकून ठरवलं, असं त्या म्हणाल्या. गावाचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही.

आता आपले उद्धवराव गुरुजी सरळ माणूस. शाळेत काही बदलायचं नाही म्हटल्यावर त्यांनी फुटका फळासुद्धा बदलू दिला नाही. मग मी कायद्यानं विचार केला. बंदी शाळेला आहे, माझ्या गोठ्याला नाही. आपली लेक सावित्री पल्याडच दिलेली, आणि तिच्या दिराकडे तिथल्या शाळेची किल्ली. शनिवारी दुपारी शाळा सुटली की सावित्री चटईत गुंडाळलेले चार-चार तक्ते डोक्यावर घेऊन घोटाभर पाण्यातून अल्याड यायची आणि सोमवारी उजाडता परत न्यायची. रविवारी माझ्या गोठ्यात वीस पोरं आणि दोन म्हशी, शिकवायला मी. तिकडे कुणाला पत्ता लागला नाही, कारण पल्याडचे मास्तर तक्ते मळतील म्हणून कपाटाबाहेरच काढत नव्हते. ताई येणार असं कळलं की तेवढ्यापुरते भिंतीवर चढवायचे. म्हणजे रंगराव, खत त्यांच्या कोठीत आणि पीक आमच्या शेतात.

गेल्या आठवड्यात ताईंनी पुन्हा परीक्षा घेतली. पल्याडची सात पोरं पास, आपली सतरा. गावानं गुलाल आणायला माणूस पिंपरीला धाडला. ताई माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. चहा पुढ्यात निवत होता. म्हणाल्या, "कोंडाजीकाका, तुमच्या पोरांचं कौतुक वाटतं. पण माझे तक्ते कुचकामी ठरले. तीन वर्षं त्यात घातली. आता चोवीस तारखेला, सोमवारी, तसं लिहून देते."

चाळीस शाळांना ते तक्ते जायचे होते. आता एकीलाही जाणार नाहीत. आणि मी, तोंडात सुपारी धरून, मान हलवली.

तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. हरभरा काढायला गेलो तर काढलेल्या ओळीतूनच पुन्हा हिंडलो. काल खरं सांगायला पुण्याला निघालो, तिकीट काढलं, गाडी आली, गाडी गेली, आणि मी पिंपरी कॅम्पातल्या दुकानातून बादली घेऊन घरी आलो. (घरात बादल्या तीन आहेत.) सांगावं तर गावाची नाचक्की, न सांगावं तर त्या पोरीच्या मेहनतीचं मातेरं. असो. मोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
कोंडाजी

ता. क. – काही नको असं वर लिहिलं, ते खोटं. सोमवारच्या आत ताईंना गाठा आणि हे पत्र त्यांच्या हातात द्या. गुरुजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. (त्यांची मुलगी गोठ्यात पहिल्या रांगेत असायची, पण त्यांनी तिला कधी विचारलं नाही.) दोष सगळा माझा. ताई रागावल्या तर मी कॉलेजात येऊन उभा राहीन. मात्र पुन्हा चिठ्ठ्या टाकायच्या झाल्या तर आमची उचलायला मला बोलवा म्हणावं.

ता. क. दुसरा – एक लिहायचं राहिलं. पोरांना सोडायला आलेल्या बाया गोठ्यातच बसून राहायच्या, त्यांच्यात तुमची बहीणही. मला वाटलं सावलीला बसतात. आत्ता तुमची बहीण पाठीमागे उभी राहून पत्राच्या वरच्या ओळी बोट ठेवून लावत होती. सुपारीच्या ओळीला पोचली आणि टाक हातातून काढून घेतला. आजवर अंगठा उठवणारी बाई. पुढचं तिचं आहे, मी एक अक्षर सांगितलेलं नाही.

रंगा तू आज जा. ताईला खरं सांग. हे घाबरतात. मी नाही. मंजुळा