तळमजल्यासाठी दोन विनंत्या

४ फेब्रु. ९८, बुध.
घरगुती प्रार्थना आज आमच्याकडे. दिल्लीत, जनकपुरीच्या या दोन खोल्यांत सगळी मंडळी, चपला जिन्यात. विनंत्या विचारल्या तेव्हा विनयाने सांगितलं, द्वारकेच्या सोसायटीत तळमजला मिळू दे, म्हणजे सासूबाईंना नगरहून आणता येईल. त्या चाकांच्या खुर्चीत, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. प्रार्थना चालवायची पाळी माझी. मोठ्याने तिच्यासाठी मागितलं. स्वतःसाठी तेच सकाळी कणीक मळताना मागून झालं होतं. प्रभाकरचं हार्ट, डॉक्टरांनी जिने बंद केलेत. देवाने दोन्ही ऐकलं असणारच.

१४ फेब्रु., शनि.
सोडत झाली. तळमजला आम्हाला, विनयाला तिसरा. आनंदाने रडूच आलं. मग तिच्याकडे बघवेना. "बधाई हो," म्हणाली. आम्ही दोघी एकमेकींशी कधी हिंदीत बोलत नाही.

१८ फेब्रु.
प्र. म्हणतो, उपासनेत साक्ष दे, देवाने घर दिलं म्हणून. मी म्हटलं, "आपल्याला दिलं, तर विनयाला नाकारलं कोणी?"
"तुझी वकिली सुरू."
जेवताना पेपर उघडून बसला. मीही पापड भाजला नाही.

२२ फेब्रु., रवि.
चर्चच्या पायऱ्यांवर विनया. "यार, विनंती माझी, बोललीस तू, आणि पोचली तुझ्याच पत्त्यावर." हसत म्हणाली, पण बोचायचं ते बोचलं. चूक कोणाचीच नाही, तरी दिवसभर चोरासारखं वाटलं. आपण देवाला अलॉटमेंट ऑफिसच्या खुर्चीत बसवतो, कोणाची फाइल वर, कोणाची खाली. मग आपली वर आली की त्याचे गुण गायचे. आणि विनयाने काय गायचं?

१ मार्च, रवि.
साक्ष दिली. घर मिळालं, आनंद आहे, आभार मानते. पण देवाची मर्जी आमच्यावर जास्त आणि दुसऱ्या कोणावर कमी, असं मला म्हणता येत नाही. तसा देव असेल तर मला त्याची भीतीच वाटेल. एवढं बोलून बसले. आमेन कोणीच म्हटलं नाही. प्र. छताकडे बघत होता.
चहाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "बाई, गेथशेमानेच्या बागेत खुद्द येशूने मरण टळू दे म्हणून मागितलं, ते मिळालं नाही. म्हणून बाप त्याच्यावर रुसला होता असं थोडंच आहे."
विनया मागे उभी होती. म्हणाली, "बिल्कुल. पण त्याला जिने चढायचे नव्हते." पाळकसाहेबांनी बिस्किट घेतलं. मला हसू आलं, तिलाही. बऱ्याच दिवसांनी.

१० मे, रवि.
राहायला आलो. चहूकडे बांधकाम, धूळ, पाण्याला टँकर. प्र. दारात खुर्ची टाकून बसतो, धाप लागत नाही. पुढची खोली माझी. खिडकीशी शिवणाचं मशीन मांडलं. लग्नाआधी सहा बहिणींत, लग्नानंतर भाड्याच्या घरांत. माझी म्हणून खोली ही पहिलीच.

७ जून, रवि.
विनयाने सासूबाईंना आणलंच. नगरच्या थोरल्या जावेने हात वर केले. चौघांनी खुर्चीसकट तिसऱ्या मजल्यावर चढवलं, म्हातारी डोळे घट्ट मिटून. आता खाली कधी? विनया म्हणाली, "बघू." ऑफिसातून आली की म्हातारीची अंघोळ, कपडे, सगळं. चेहरा उतरलाय.

२१ जून, रवि.
वर जाऊन आले. आजींना खिडकीतून समोरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, बाकी काही नाही. विचारत होत्या, "खाली माणसं असतात का गं येणारी-जाणारी?" तक्रारीचा सूर नाही. तो असता तर बरं झालं असतं.
घरी आल्यावर प्र. म्हणाला, "पुढची खोली आहे आपली. विनया काही मागणार नाही." पेपर वाचता वाचता म्हणाला. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.
तेव्हापासून चिडलेय. याला बोलायला काय जातं? उठबस, शौचाचं भांडं, रात्रीच्या हाका, सगळं कोणावर येणार? आणि मशीन कुठे, न्हाणीघरात ठेवू?
नेहमीसारखी प्रार्थनेला बसले. प्र.ची तब्येत, नगरची माणसं, विनयाची पाठ, सगळ्यांसाठी मागितलं. त्या खोलीचा विषय काढला नाही. काढला तर देव काय म्हणेल, ते मला माहीत आहे.